घोड्याच्या नालेसारखा भगंदर: लेसर, लिफ्ट की क्षारसूत्र हे नंतर ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: वय ४१, पुरुष. तीन वर्षांपूर्वी गुदद्वाराच्या मागच्या बाजूला गळू झाले, ते कापून पू काढला. वर्षभराने तिथेच भगंदर, म्हणजे गुदमार्गापासून कातडीपर्यंत पडलेली पुवाची नळी, निघाला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, दोन्ही वेळा तीन-चार महिन्यांत पुन्हा वाहू लागले. आता एक तोंड डाव्या कुल्ल्यावर, एक उजव्या. एमआरआयचा रिपोर्ट 'हाय ट्रान्सस्फिंक्टेरिक हॉर्सशू फिस्टुला, आतले तोंड ६ वाजता, मागे पू साठलेला' असा आहे. एक सर्जन लेसर म्हणतात, दुसरे लिफ्ट, वैद्य क्षारसूत्र. कोणते करावे, आणि संडासवरचा ताबा जाईल का?

या घडीला तिन्हींपैकी एकही नको. पू साठलेला असताना कायमचा उपचार करायला गेले की तो फसतो, मग त्याचे नाव काहीही असो. आधी निचरा, सीटन (नळीतून ओवून ठेवायचा दोरा), सहा ते आठ आठवडे थांबणे, आणि मग निवड. हे दोन टप्पे एकाच दिवशी उरकण्याची घाई हे गुंतागुंतीचा भगंदर पुन्हा उद्भवण्याचे एक मोठे कारण आहे.

हे का, ते समजायला रचना डोळ्यांसमोर हवी. गुदद्वाराला दोन स्नायूंची कडी असतात, एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांसारखी. आतले कडे आपल्या इच्छेवर चालत नाही. ते कायम आवळलेले असते आणि विश्रांतीच्या वेळचा बहुतांश दाब तेच धरते. बाहेरचे कडे आपल्या हुकमातले, घाई आली तरी शौचालय गाठेपर्यंत धरून ठेवणारे. या दोन कड्यांच्या मध्ये एक अरुंद फट आहे. गुदमार्गात साधारण दोन सेंटीमीटर आत एक दातेरी रेषा असते, तिच्या खळग्यांत बारीक ग्रंथींची तोंडे उघडतात, आणि त्यांतल्या अनेक ग्रंथी या फटीपर्यंत पोचतात. ग्रंथी तुंबली, तिथे जंतू वाढले की पू पहिल्यांदा या फटीत साठतो. तिथून तो जिकडे वाट मिळेल तिकडे जातो. सरळ खाली आला तर सोपा भगंदर. बाहेरचे कडे भेदून बाजूच्या चरबीत गेला तर ट्रान्सस्फिंक्टेरिक, आणि त्या कड्याचा बराच भाग नळीखाली आला तर तो 'हाय', म्हणजे उंच. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या ४०० रुग्णांवरून पार्क्स आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली केलेली वर्गवारी याच प्रवासावर आधारलेली आहे आणि आजही एमआरआयचे रिपोर्ट तिच्याच भाषेत लिहिले जातात.

मागच्या बाजूला एक खास अडचण आहे. गुदमार्ग आणि माकडहाड यांच्यामध्ये स्नायूंच्या खाली एक खोल कप्पा असतो, आणि तो दोन्ही कुल्ल्यांच्या आतल्या चरबीत उघडतो. ६ वाजताच्या ग्रंथीतला पू या कप्प्यात शिरला की डावीउजवीकडे पसरतो आणि घोड्याच्या नालेसारखा आकार घेतो. (घड्याळाचे काटे रुग्ण पाठीवर झोपलेला धरून वाचायचे: १२ म्हणजे पुढे, ६ म्हणजे माकडहाडाकडे.) म्हणजे तुमची दोन तोंडे हे दोन भगंदर नव्हेत. ती एकाच टाकीला लागलेली दोन भोके आहेत. बाहेरचे तोंड आणि कातडीखालची नळी कितीही वेळा कापून काढली तरी टाकी आणि तिला पाणी पुरवणारा नळ, म्हणजे ६ वाजताचे आतले तोंड, तसेच राहिले तर पू येतच राहणार. दोनदा फसलेल्या बहुतेक शस्त्रक्रियांत हेच घडलेले असते. सुश्रुताने भगंदराचे पाच प्रकार सांगताना एकाला शंबूकावर्त, म्हणजे शंखाच्या वेटोळ्यासारखा, असे नाव दिले. वेड्यावाकड्या वाटा तेव्हाही डोकेदुखीच होत्या.

आता एमआरआय. तो आधीच झाला असला तरी फिल्म आणि सीडी सर्जनला दाखवा, नुसता रिपोर्ट नको. चरबीचा उजेड दाबलेले टी-टू चित्र हवे, त्यात पू आणि ओली नळी पांढरी चमकते. काप शरीराच्या सरळ रेषेत घेतलेले नकोत, गुदमार्गाच्या तिरक्या अक्षाला धरून हवेत. तसे नसतील तर आतल्या तोंडाची उंची चुकीची वाचली जाते. रिपोर्टमध्ये पाच गोष्टी आहेत का ते पाहा: आतले तोंड किती वाजता आणि कुठल्या उंचीवर, बाहेरच्या स्नायूचा किती भाग नळीच्या खाली येतो, दोन कड्यांच्या फटीत पू आहे का, नालेचे दोन्ही हात कुठवर गेले आहेत, आणि पू ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूच्या वर चढला आहे का. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. वर चढलेला पू दोन कड्यांच्या फटीतून गेला असेल तर तो गुदाशयात काढायचा, आणि कुल्ल्याच्या चरबीतून चढला असेल तर कातडीतून. हे उलटे केले तर सर्जनच्या हातून नवा, आधीपेक्षा अवघड भगंदर तयार होतो. यात दुरुस्तीला फार कमी जागा उरते.

दोनदा परतलेल्या भगंदरात तीन आजार नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिला मधुमेह. दुसरा क्षयरोग, आणि आपल्याकडे हा अजिबात विसरायचा नाही. नुसत्या पुवाच्या तपासणीवर विसंबू नका. नळीच्या भिंतीचा तुकडा लागतो, आणि तो दोन बाटल्यांत पाठवायचा. एक फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा साध्या सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणे) यांसाठी. सगळे फॉर्मॅलिनमध्ये टाकले की जंतू मरतात आणि कल्चर कायमचे हुकते. शस्त्रक्रियेच्या गडबडीत ही चूक इतकी वेळा होते की आदल्या दिवशीच तोंडी विचारून ठेवलेले बरे. क्षय निघाला तर औषधांचा किमान सहा महिन्यांचा कोर्स. पुवाचा निचरा थांबवायचा नाही, पण मोठी शस्त्रक्रिया औषधांना वेळ देऊन. तिसरा क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याची दीर्घकाळ चालणारी सूज: जुलाब, वजन घटणे, पोटदुखी, तोंडात वारंवार फोड, किंवा एकाच वेळी चार-पाच तोंडे असतील तर शौचातील कॅलप्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण) आणि कोलोनोस्कोपी. क्रोन्समध्ये सूज पेटलेली असताना फ्लॅप (आतले तोंड पदराने झाकण्याची शस्त्रक्रिया) किंवा लिफ्ट करू नये. सीटन ठेवून औषधांनी आग विझवायची. तिथे इन्फ्लिक्सिमॅब हे सूज दाबणारे औषध वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅम, ०, २ आणि ६ व्या आठवड्याला, अशी सुरुवात करतात. पण ते देण्याआधी दडलेला क्षय तपासणे सक्तीचे, नाहीतर जुना क्षय उफाळतो.

पहिल्या टप्प्यातली शस्त्रक्रिया अशी. स्पायनल किंवा पूर्ण भूल. जागेपणी बोटाने तपासले तर दुखते म्हणून रुग्ण आवळून धरतो आणि काही कळत नाही. भुलीखालची तपासणी हाच अर्धा निदानाचा भाग. बाहेरच्या तोंडातून सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात आणि आत कुठे बुडबुडे येतात ते पाहतात. निळा रंगही चालतो, पण तो जास्त झाला की सगळे निळे होते आणि काही दिसत नाही. नळीची वाट शोधायची सळई कधीही जोराने ढकलायची नाही. मऊ, सुजलेल्या ऊतीत ती सहज शिरते आणि जिथे वाट नव्हती तिथे खोटी वाट पडते, मग पुढच्या एमआरआयमध्ये ती 'दुय्यम नळी' म्हणून दिसते.

मागे, गुदद्वार आणि माकडहाड यांच्या मध्यावर चीर देऊन तो खोल कप्पा उघडायचा, पू पूर्ण काढायचा, आतल्या खपल्या आणि कणीदार ऊती खरवडायच्या. नालेचे दोन हात लांबलचक कापायची गरज नाही. प्रत्येक बाजूला एक-दोन छोटे छेद देऊन त्यांचा निचरा होऊ द्यायचा, हवे तर त्यांतून सैल रबरी पट्टी ओवायची. ही हॅन्ली पद्धतीची सुधारलेली आवृत्ती. मूळ पद्धतीत मागचे स्नायू सरळ कापत. आता त्याऐवजी आतल्या तोंडातून मागच्या जखमेत सीटन घालतात.

सीटन म्हणजे नळीतून ओवलेला सिलिकॉनचा दोरा. तुमच्या बाबतीत तो सैल असायला हवा: बोटाने सहज गोल फिरेल इतका. मऊ व्हेसल लूपची (सिलिकॉनच्या बारीक दोरीची) दोन टोके शेजारी ठेवून रेशमी धाग्याने बांधली की गाठ टोचत नाही. थेट गाठ मारली तर बसताना ती रोज छळते. सैल सीटन काहीच कापत नाही. तो फक्त तोंड मिटू देत नाही, त्यामुळे पू साठत नाही, आणि हळूहळू नळीची भिंत पक्की होते. ही पक्की, सरळ, एकेरी नळी पुढच्या शस्त्रक्रियेला लागते. घट्ट आवळत जाणारा सीटन मात्र स्नायू कापतोच, सावकाश कापतो इतकेच. उंच भगंदरात 'हळूहळू आवळू' असे कोणी म्हणत असेल तर किती स्नायू जाणार हे आधी विचारा.

सहा ते आठ आठवड्यांनी स्राव कमी झाला, जखम भरत आली, पुन्हा काढलेल्या एमआरआयमध्ये टाकी रिकामी आणि नालेचे हात सुकलेले दिसले की दुसरा टप्पा. इथे आता तुमचा मूळ प्रश्न.

लिफ्ट ही बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातून रोजनासाकुल यांनी २००७ मध्ये मांडलेली पद्धत. कल्पना सुरेख आहे. दोन कड्यांच्या मधल्या खाचेवर दीड-दोन सेंटीमीटरची वक्र चीर द्यायची, फटीत उतरायचे, तिथे नळी पकडायची, आतल्या स्नायूला लागून ती बांधायची आणि छाटायची, बाहेरच्या बाजूचा भाग खरवडायचा, बाहेरच्या स्नायूतले भोक शिवायचे. एकही स्नायू कापला जात नाही. पेरॉक्साइड पुन्हा सोडून नळी खरंच तुटली की नाही हे टाके घालण्याआधी पाहायचे. यश साधारण दहापैकी सहा-सात जणांत. पण लिफ्टला हवी एक, सरळ, पक्की नळी, आणि फट मोकळी हवी. तुमच्या मागच्या कप्प्यात दोनदा शस्त्रक्रियेचे व्रण आहेत. तिथे फटीचा थर सापडत नाही, नळी बांधताना फाटते. नालेच्या भगंदरात म्हणूनच लिफ्ट ही पहिली पसंती नसते. तिचा एक फायदा मात्र नोंदवायला हवा: फसली तरी पुष्कळदा भगंदर आतल्या कड्यापुरता, सोपा होऊन परत येतो.

फ्लॅपमध्ये आतले तोंड छाटून स्नायूतले भोक शिवतात, आणि त्यावर गुदाशयाच्या आतल्या आवरणाचा, खालचे थोडे स्नायूतंतू धरून उचललेला, पदर ओढून ताण न देता टाचतात. पदराचे मूळ टोकापेक्षा रुंद हवे, नाहीतर रक्त पोचत नाही आणि टोक काळे पडते. जाड स्त्री-पुरुषांत आणि विशेषतः तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांत हा पदर मरण्याचे प्रमाण जास्त. किमान सहा आठवडे आधीपासून तंबाखू बंद. मिश्री लावणाऱ्यांनाही हे लागू आहे, कारण प्रश्न धुराचा नाही, निकोटिनचा आहे.

तिसरा मार्ग तुम्हाला कोणी सांगितलेला दिसत नाही: फट गुदमार्गाच्या आतून उघडी करून तशीच उघडी ठेवायची. यात आतल्या तोंडापासून आतले कडे उघडतात, म्हणजे दोन कड्यांच्या फटीतली पुवाची पिशवी गुदमार्गातच वाहू लागते. बाहेरच्या कड्याला हात लावत नाहीत. बाहेरच्या नळ्या फक्त खरवडतात. ट्रोपिस या नावाने ही पद्धत भारतातूनच मांडली गेली. तर्क पटणारा आहे, कारण उंच भगंदरात फटीतला पू हे खरे घर असते आणि बंद जागेतला पू आपोआप बरा होत नाही. किंमतही आहे: आतले कडे कापले जाते, त्यामुळे काही जणांना वायू धरण्यात किंवा किंचित ओलावा येण्यात फरक पडतो. मागच्या बाजूच्या नालेच्या भगंदरात, फटीत पू दिसत असेल आणि आधीचा ताबा उत्तम असेल, तर माझा कल याकडे किंवा फ्लॅपकडे. निवड सर्जनच्या हाताच्या सवयीवरही ठरते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आता लेसर. जाहिराती सर्वांत जास्त याच्याच. १४७० नॅनोमीटरचा, चोहोबाजूंनी उष्णता देणारा बारीक तंतू नळीतून हळूहळू मागे ओढतात, भिंत आकसते. स्नायू सुरक्षित राहतो, दुखणे कमी, त्याच दिवशी घरी. पण तंतूची उष्णता भिंतीत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाते. जाड नळी, रुंद टाकी, वळणे, फांद्या यांना ती पुरत नाही. सरळ, बारीक, लहान नळीतही एका बैठकीत साधारण दहापैकी सहा जण बरे होतात. आतले तोंड वेगळे न शिवल्यास त्याहूनही कमी. नालेच्या भगंदरात 'एका दिवसात, टाके नाहीत, कायमचा आराम' असे कोणी म्हणत असेल तर ती जाहिरात आहे. दुर्बिणीची पद्धत म्हणजे व्हाफ्ट. तिचा खरा उपयोग फांद्या शोधण्यात. ती वाट दाखवते, आतले तोंड बंद करण्याचे काम तरीही वेगळे करावे लागते. डुकराच्या आतड्यापासून बनवलेला प्लग आणि फायब्रिन गोंद यांचा भर ओसरला आहे. फसले तर स्नायूचे नुकसान होत नाही, पण बरे होण्याचा भरवसाही तेवढाच कमी. क्रोन्सच्या भगंदरासाठी युरोपात आलेले मूलपेशींचे इंजेक्शनही २०२४ च्या शेवटी बाजारातून मागे घेतले गेले, कारण दुसऱ्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

क्षारसूत्राबद्दल सविस्तर, कारण महाराष्ट्रात ते आवडीने करतात आणि त्याबद्दल दोन्ही टोकांची मते आहेत. २० नंबरच्या बार्बर लिनन धाग्यावर एकूण २१ लेप: ११ स्नुहीच्या (निवडुंगाच्या) चिकाचे, ७ चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे, ३ चीक आणि हळदीचे. प्रत्येक लेप वाळवून. दर आठवड्याला जुन्या सूत्राला नवे बांधून ओढून बदलतात, आणि आठवड्याला सरासरी एक सेंटीमीटरच्या आसपास नळी कापली जाते व मागून भरत येते. बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात हे पुन्हा प्रचारात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांवर केलेल्या ५०२ रुग्णांच्या चाचणीत क्षारसूत्राला भरून यायला साधारण आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेला चार. पण वर्षभरात पुन्हा होण्याचे प्रमाण ४ टक्के विरुद्ध ११ टक्के. हे हलके घेण्यासारखे नाही. पण कापते ते कापतेच. खालच्या, साध्या भगंदरात ते चांगले. उंच, बहुतांश बाहेरचा स्नायू अडकलेल्या नालेच्या भगंदरात आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सूत्र बांधले तर तो सारा स्नायू हळूहळू कापला जातो. शल्यतंत्राचे (आयुर्वेदातल्या शस्त्रक्रियेचे) अनुभवी वैद्य म्हणून मधल्या कप्प्यातून वाट छोटी करून सूत्र बांधतात. तुमचे वैद्य नेमके कुठून कुठे बांधणार, हे कागदावर काढून मागा. 'एमआरआयची गरज नाही' म्हणाले तर तिथे बांधू नका.

संडासच्या ताब्याबद्दल. पूर्वीच्या दोन शस्त्रक्रियांनंतरचा आजचा ताबा आधी मोजून ठेवायला हवा. वेक्सनर मापनात वायू, पातळ शौच, घट्ट शौच, पॅड लागणे आणि दैनंदिन जीवनावर परिणाम यांना प्रत्येकी ० ते ४ गुण; एकूण ० म्हणजे उत्तम, २० म्हणजे पूर्ण गेलेला. हे शस्त्रक्रियेआधी लिहून ठेवले नसेल तर नंतरच्या तक्रारीत आधीचे किती आणि नंतरचे किती हे कळत नाही. गुण ३-४ पेक्षा जास्त असतील तर आतून सोनोग्राफी आणि दाब मोजणारी मॅनोमेट्री करून घ्यावी, आणि मग स्नायू न कापणाऱ्या पद्धतीच निवडाव्यात. साधारण नियम असा की बाहेरच्या स्नायूचा एक तृतीयांशाहून जास्त भाग नळीखाली येत असेल तर सरळ उघडे करायचे नाही. स्त्रियांत पुढच्या बाजूचा भगंदर तर याहून कमी स्नायू असला तरी धोक्याचा, कारण तिथे स्नायूचे कडे आखूड असते आणि बाळंतपणात ते आधीच फाटलेले असू शकते. तुमचे तोंड मागे आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट: तिथे स्नायूची पट्टी जाड असते.

नंतरची काळजी अर्धे यश ठरवते. शौच घट्ट नको आणि पातळही नको. रात्री इसबगोल एक-दोन चमचे भरपूर पाण्यासोबत. जुलाबाचे औषध घेऊन पातळ केले तर ताजा फ्लॅप धुऊन निघतो. गरम पाण्याच्या टबात दिवसात दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटे. पाण्यात डेटॉल नको, कातडी भाजते. उघड्या जखमेत गॉज कोंबून भरायचा नाही, फक्त कडा विलग राहतील इतका हलका ठेवायचा. जखम तळापासून भरत आली पाहिजे. वरून कातडी आधी जुळली आणि खाली पोकळी राहिली तर ती तिथेच पुन्हा भगंदर होते, म्हणून पहिले महिनाभर दर आठवड्याला सर्जनने बोट घालून कडा मोकळ्या करणे गरजेचे असते. ते दुखते, रुग्ण टाळतात, आणि तिथेच बिनसते. दुसऱ्या टप्प्यानंतर तीन महिन्यांत एमआरआय काढून 'अजून थोडे ओले' आहे म्हणून घाबरू नका. बाहेरून बंद झालेली नळी आतून सुकायला सहा महिने लागू शकतात.

सीटन मधेच तुटून पडला तर तोंड मिटतेय म्हणून खुश होऊ नका. त्याच आठवड्यात दाखवा, नळी बुजण्याआधी पुन्हा घालणे सोपे जाते. आणि स्राव अचानक थांबून ठणका, ताप, बसता न येणे सुरू झाले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठा. बंद पडलेल्या तोंडामागे पू साठतो आहे, आणि त्याला अँटिबायोटिकची गोळी नव्हे, चीर लागते.